जेवणाची शेड

सोळाव्या भोकापर्यंत दादांचा आवाज खणखणीत होता. ड्रिलवाल्यांनी जमिनीत नळी उतरवली, माती वर काढली, मॅडमनी ती बाटलीत भरून वर आकडा टाकला, की दादा लांबूनच ओरडायचे, "काय, लागलं का सोनं?" आणि आपणच मोठ्यांदा हसायचे. सतराव्या भोकातून पाणी वर आलं ते पिवळं. गढूळ नव्हे, नितळ, आरपार दिसणारं आणि पिवळं. मॅडमनी बाटली उन्हात धरून पाहिली, आणि त्या दिवसापासून दादांनी सोन्याचं नाव काढलं नाही.

त्याला तीन आठवडे झाले होते. आज सकाळी दहाला सगळे मालक कारखान्याच्या जुन्या ऑफिसात जमले होते. सगळे म्हणजे चौघं. थोरले दादा, वहिनी, त्यांचा मुलगा पिंटू आणि दादांची धाकटी बहीण बेबी. पासष्ट पूर्ण झाली, गुडघ्याला पट्टा लागला, केसांनी कधीच हात टेकले, तरी ती बेबीच. "आप्पा गेले आणि मला 'मोठी झालीस' म्हणू शकणारा शेवटचा माणूस गेला," असं ती कुठल्याही समारंभात सांगायची आणि लोक हसले की तिला बरं वाटायचं. आज मात्र खिडकीजवळची खुर्ची पकडून ती अशी बसली होती की आपल्याला कुणी हसवू नये, बोलवू नये, जमलं तर आपल्याकडे कुणी पाहूसुद्धा नये.

पाहायला बाहेर तरी काय उरलं होतं? पत्रे उतरवून नेले, हौद फोडून नेले, यंत्रं तर अकरा वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला तेव्हाच गेली. या जागेवर आप्पांनी पन्नास वर्षं नळांना, सायकलच्या हँडलांना, दारांच्या कड्यांना क्रोमचा मुलामा चढवला. अर्ध्या शहराच्या आंघोळी आमच्या नळाखाली होतात, असं ते म्हणायचे, आणि ते फार खोटं नव्हतं. आता सव्वादोन एकरांत दोनच गोष्टी उभ्या होत्या: हे ऑफिस, ज्याच्या भिंतींच्या बुडाशी पिवळा क्षार फुटून आला होता, आणि समोर पन्नास पावलांवर जेवणाची शेड.

जागा एक गृहनिर्माण संस्था घेणार होती. आधी माती स्वच्छ करायची, मग घरं बांधायची, मधोमध बाग. संस्थेने सगळं पाडायचं ठरवलं होतं, पण पिंटूने त्यांच्या गळी एक कल्पना उतरवली: जेवणाची शेड ठेवा. तिथे पाळणाघर करा. कामगारांसाठी बांधलेली वास्तू कामाला जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी वापरात येईल. संस्थेला ते फार आवडलं. दारावर पाटी लागणार होती आणि पाटीवर नाव बेबीआत्याचं, कारण शेड तिने बांधली होती. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आप्पा दवाखान्यात, दादा यंत्रांचं शिकायला परदेशी, आणि तेवीस वर्षांच्या पोरीने आठ महिने एकटीने कारखाना ओढला. वर कामगारांना डोक्यावर छप्पर दिलं. लग्नात, बारशात, साठीला, कुठेही चार नातेवाईक जमले की ही गोष्ट निघायचीच.

गोष्ट खरी होती. फक्त अर्धी होती.

मुलामा चढवायच्या हौदांच्या तळाशी गाळ साचतो. हिरवट-पिवळा, चिकट. तो पिंपांत भरायचा आणि महिन्यातून एकदा गाडीवाला घेऊन जायचा. कुठे नेतो, हे त्याला कुणी विचारत नसे, आणि न विचारण्याचेच त्याला पैसे मिळत. बेबीच्या त्या आठ महिन्यांत गाडीवाल्याने येणं बंद केलं. मागच्या भिंतीला चाळीस पिंपं उभी राहिली, काही गळायला लागली, आणि अशात निरोप आला की सोमवारी तपासनीस येणार. बेबीने शनिवारी कारखान्यातल्या जुन्या मेस्त्रींना बोलावलं. रविवारी सुट्टीच्या दिवशी मेस्त्रींनी आणि दोघा जणांनी खड्डा खणला, चाळीस पिंपं त्यात पालथी केली, वर माती लोटली आणि मातीवर जाड काँक्रीट ओतलं. सोमवारी तपासनीस त्या ओल्या काँक्रीटसमोर उभा राहून म्हणाला, "हे काय चाललंय?" आणि बेबीच्या तोंडून निघून गेलं, "कामगारांसाठी जेवायची शेड बांधतोय."

तपासनीस खूश झाला. मग काय करणार, शेड बांधावीच लागली.

हे तीन माणसांना माहीत होतं: बेबीला, मेस्त्रींना आणि दादांना, कारण आप्पांनी जाताना दादांच्या कानावर घातलं होतं. खणायला आलेले बाकीचे दोघं केव्हाच गेले. पिंटूला माहीत नव्हतं. तो बिचारा पाटीवरची अक्षरं कुठल्या वळणाची असावीत यावर दोन आठवडे घालवून बसला होता.

"मी परत सांगते," मॅडम म्हणाल्या. मातीची तपासणी करणारी ही बाई पस्तिशीची असेल. बुटांना नेहमी चिखल आणि आवाज कधी चढत नसे. तिने टेबलावर नकाशा पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले होते. "मला कुणाला पकडून द्यायचं नाहीये. सतरा नंबरमध्ये जे सापडलं ते तिथं तयार झालेलं नाही. वरच्या अंगाने सरकत येतंय. आणि वरच्या अंगाला तुमचा एकही हौद नव्हता."

"मग निसर्गातच असेल," दादा म्हणाले.

"एवढं निसर्गात नसतं, काका."

"तुमचं यंत्र चुकलं असेल."

"तीनदा तपासलं."

पिंटूने वडिलांकडे एक कटाक्ष टाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आम्ही सही करायला तयार आहोत ना. जागेची हकिकत तुम्ही लिहून आणलीय, त्यात जे आहे ते आम्हाला मान्य आहे."

"त्यात गाळ कुठे जायचा त्या ओळीपुढे जागा कोरी आहे. ती मला भरता येत नाही. ती तुम्हीच भरायची." मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. "वरच्या अंगाला काय आहे, तर ही शेड. तिच्या फरशीतून मला एक भोक घ्यायचं होतं. पण तुमच्याकडून सांगण्यात आलं की फरशी जुनी आहे, तडा जाईल. म्हणून ते आम्ही सहा मीटर बाजूला घेतलं."

"कुणी सांगितलं?" पिंटूने विचारलं.

"आत्यांनी."

बेबीने खिडकीबाहेर पाहिलं. खरंच होतं. ड्रिलवाले फरशीवर खडूने फुली मारत होते तेव्हा ती काठी टेकत टेकत स्वतः गेली होती आणि म्हणाली होती, "अरे, इथे पाळणाघर व्हायचंय, फरशी कशाला फोडता?" ते तोंडातून निघाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं होतं. बेचाळीस वर्षांनी पुन्हा तीच जागा आणि पुन्हा तसंच सहज आलेलं, ऐकायला चांगलं वाटणारं खोटं.

"बरोबर केलं तिने," दादा म्हणाले.

"वन्सं बरोबरच करतात," वहिनी म्हणाल्या. त्या कोपऱ्यात बसून पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. नणंदेविषयी बोलताना त्या नेहमी काहीतरी शोधत असत. "बेचाळीस वर्षं ऐकतेय मी या शेडचं. माझ्या लग्नातसुद्धा माझ्यापेक्षा शेडचंच कौतुक जास्त झालं होतं."

"आई, प्लीज."

"मी कुठे काय म्हणतेय? त्यांनाच विचारा म्हणतेय. त्या आठ महिन्यांत सगळं त्याच तर बघत होत्या."

वहिनींना माहीत होतं का? बेबीला कधी कळलं नाही. एकाच घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईपासून काय लपतं आणि काय नुसतं बोललं जात नाही, हे कुणी सांगावं!

"समजा, उगम सापडलाच नाही," बेबीने विचारलं. सकाळपासूनचं हे तिचं पहिलं वाक्य. "तर काय होईल?"

"बाकीच्या जागेची वरची दीड मीटर माती आम्ही काढून नेऊ आणि नवी टाकू. शेड आहे तशी राहील. आणि खाली जे असेल ते ओलीबरोबर वर येत राहील. या भिंतीत येतंय तसं." मॅडमनी पेनाने भिंतीच्या बुडाचा पिवळा क्षार दाखवला. "मोठा माणूस भिंतीला हात लावून हात धुतो. रांगणारं मूल हात तोंडात घालतं."

दादांनी घसा साफ केला.

"मॅडम, आमच्या शब्दावर विश्वास नसेल तर आमच्या मेस्त्रींना विचारा. पहिल्या दिवसापासूनचा माणूस. मी त्यांना आणायला गाडी पाठवलीय, येतीलच."

बेबीने खिडकीवरची नजर काढून दादांकडे पाहिलं. दादांनी हे तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हाही प्रश्नच होता.

मेस्त्री आले. ऐंशीचे असतील, अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. घरातल्या मुलांनी त्यांना कधी मेस्त्री म्हटलंच नाही. ते जादूमामा. दाराशी त्यांनी चपला काढल्या, तेव्हा पिंटू म्हणाला, "अहो मामा, राहू द्या, इथे धूळच धूळ आहे," पण त्यांनी काढल्याच. मग ते उभे राहिले. कुणी बसा म्हणेना, कारण या ऑफिसात ते बसलेले कुणी पाहिलेच नव्हते. शेवटी मॅडम उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"मामा, या मॅडमना सांगा," दादा म्हणाले. "आपल्याकडचा गाळ कुठे जायचा?"

मामांनी दादांकडे पाहिलं नाही. त्यांनी बेबीकडे पाहिलं. फार नाही, एक श्वास घेता येईल इतकंच. त्या नजरेत प्रश्न होता आणि उत्तर बेबीने द्यायचं होतं. मान हलवायची होती, हो किंवा नाही. बेबीने नजर खाली घेतली आणि साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

"गाडी यायची," मामा म्हणाले. "गाडीवाला न्यायचा."

"सगळा?"

"सगळा."

"कधी आवारात खड्डा वगैरे खणला होता?"

"नाही मॅडम. खड्डा कशाला खणायचा? जागाच कुठे होती?"

मॅडमनी लिहून घेतलं आणि कागद त्यांच्यापुढे केला. मामांनी चष्मा लावला, एक एक अक्षर काढत सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी किती सह्या केल्या असतील? पगाराच्या दिवशीच्या सोडल्या तर फार नाहीत. बेबीला लाज वाटली. उशिरा का होईना वाटली, पण ती लाजही तिने निऱ्यांबरोबर गुडघ्याखाली दाबून धरली.

दादांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागवला. आवाजात ती जुनी खणखण परत आली. "मॅडम, आमचे मामा म्हणजे काय चीज आहे तुम्हाला माहीत नाही. यांना जादूमामा का म्हणतात? मामा, दाखवा की यांना. ती दोऱ्याची."

"नको हो दादासाहेब, आता कुठे."

"अहो दाखवा! लहानपणी आमच्याकडे पाहुणे आले की पहिलं काम हेच. बेबी पळत जाऊन मामांना बोलावून आणायची. एकदा तर एका मोठ्या व्यापाऱ्यासमोर केलं होतं, तो माणूस खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला!"

पिंटूही हसला. त्यालाही मामांनी दाखवली होती ती जादू, शाळेत असताना. मॅडम चहाचा कप हातात धरून वाट पाहत होत्या.

मामा थोडे हसले. कौतुक कुणाला नको असतं? "दोरा लागेल," ते म्हणाले आणि सवयीने बेबीकडे वळले. "बेबीताई, दोरा?"

आणि बेबीचा हात पर्समध्ये गेला. सुईदोरा ती नेहमी बाळगायची. विचार करायच्या आधी हात गेला, रिळ बाहेर आलं, वीतभर पांढरा दोरा तोडला गेला आणि मामांच्या हातात पडला. दहा वर्षांची असताना ती असाच द्यायची. तेव्हा तिला त्या जादूतला अर्धा वाटा आपला वाटायचा.

मामांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, पीळ दिला आणि उजव्या नाकपुडीत सरकवलं. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. डाव्या नाकपुडीतून टोक बाहेर आलं. मामांनी दोन्ही टोकं धरली आणि दोरा इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढून दाखवला. मग सगळ्यांकडे पाहिलं.

दादांनी टाळ्या वाजवल्या. पिंटूने दोनतीन वाजवल्या आणि थांबला, कारण मॅडमनी कप खाली ठेवला होता.

"मामा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या हौदावर होता?"

"क्रोमच्या. एकोणतीस वर्षं."

"सुरुवातीला नाकातून रक्त यायचं?"

मामांनी दोरा काढून मुठीत घेतला. "पहिली दोन वर्षं. नंतर थांबलं."

"आणि वास?"

"वास गेला. तो गेलाच. बायको म्हणायची, दूध करपलं तरी तुम्हाला कळत नाही."

"क्रोमच्या वाफेने नाकातला पडदा झिजतो," मॅडम म्हणाल्या. त्या दादांशी बोलत होत्या, पण पाहत मामांकडे होत्या. "झिजून त्याला भोक पडतं. पुस्तकात वाचलं होतं मी. माणसाच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा पाहिलं. मामा, ही जादू अजून कुणाला यायची?"

"क्रोमवर जे जे होते, सगळ्यांना. सात-आठ जण होतो." मामांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. "पण दाखवायला मलाच बोलवायचे."

"बाकीचे कुठे असतात आता?"

"एक आहे. बाकीचे गेले."

"कशाने?"

"वयाने हो," दादा घाईने म्हणाले. "वयाने जातात माणसं."

"तुम्ही विचारलं होतंत?" वहिनी म्हणाल्या. पर्समध्ये शोधणं थांबलं होतं.

बेबी मामांच्या मुठीकडे पाहत होती. पन्नास वर्षांहून जास्त काळ ती ही गोष्ट सांगत आली होती. आमचे जादूमामा. मैत्रिणींना सांगितली, भाच्यांना सांगितली, मुंजीच्या पंगतीत सांगून टाळ्या घेतल्या. त्या माणसाला रक्त येत होतं आणि ती त्याला दोरा आणून देत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं हे खरं, पण तिने तरी एकदा विचारलं होतं का, की मामा, हे होतं कसं? जादूला कुणी कारण विचारतं का? तिला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि त्या लाजेत एक गोष्ट स्पष्ट दिसली: हा माणूस आत्ता, या क्षणी, तिच्यासाठी खोटी सही करून बसला होता, आणि ती अजूनही निऱ्याच सारख्या करत होती.

"गाळ शेडखाली आहे," ती म्हणाली.

"बेबी!" दादा.

"चाळीस पिंपं. फरशीच्या खाली साधारण पुरुषभर खोल. मॅडम, तुमच्या माणसांनी जिथे खडूने फुली मारली होती ना, बरोबर तिथेच. मी पुरून घेतला."

"तिची तब्येत बरी नाही," दादा मॅडमना म्हणाले. "अलीकडे विसरते, काहीच्या बाही बोलते. हे लिहू नका."

"विसरत बिसरत काही नाही त्या," वहिनी म्हणाल्या. उठून त्या नणंदेच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघींची तोंडं एकाच दिशेला होती. "तुम्ही गप्प बसा. तुम्हाला माहीत होतं. मला तुमच्या तोंडावर दिसतंय."

"आत्या," पिंटू म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, शाळेतून मार खाऊन आल्यावर व्हायचा तसा. "मग शेड? तू शेड त्यांच्यासाठी बांधलीस ना?"

"तपासनीसाने विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं शेड. मग बांधली."

"म्हणजे, तपासनीसाने विचारलं नसतं तर..."

"तर नसती बांधली."

पिंटूने नकाशा गुंडाळायला सुरुवात केली, मग तो आपला नाही हे लक्षात येऊन पुन्हा पसरला. तो आता काय काय मोजत असेल, हे बेबीला कळत होतं: संस्थेला दिलेला शब्द, रखडणारं काम, पाटी. पण त्याने त्यातलं काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं, आमच्या आत्याने माणसांचा विचार केला. प्रत्येक मीटिंगमध्ये सांगितलं." आणि तो बाहेर गेला. खिडकीतून तो शेडच्या दिशेने चालताना दिसला आणि मग अर्ध्या वाटेवर थांबला.

मॅडम लिहीत होत्या. किती रुंद, किती लांब, काँक्रीट किती जाड, जवळपास विहीर किंवा हातपंप होता का. बेबी सांगत गेली. हातपंप शेडला लागूनच होता, तिनेच बसवला होता, आणि पुढे पाणी पिवळं यायला लागल्यावर, पाइप गंजला असेल असंच मानून, त्याचा दांडा काढून घेतला होता. किती वर्षांनी? दहा-बारा. त्याआधी लोक तेच पाणी प्यायचे? हो. प्रत्येक उत्तर सोपं होतं. इतकी सोपी उत्तरं इतकी वर्षं दाताखाली धरली होती याचीच तिला शरम वाटत होती.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "फरशी फोडावी लागेल. शेड नाही राहणार." मग त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला आणि घुटमळल्या. "मामा, तुमच्या सहीचा हा कागद. हा मी बाजूला ठेवते. तुम्ही नवा लिहून द्या, झालं."

तेव्हा कुठे बेबीला आठवलं की मामा अजून त्या खुर्चीत बसलेले आहेत.

मामांनी कागद हातात घेतला. चष्मा तसाच होता. त्यांनी आपली सही नीट पाहिली.

"म्हणजे मी खोटारडा ठरलो," ते म्हणाले.

"तसं नाही मामा," बेबी म्हणाली.

"तसंच आहे. मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही नुसतं हूं केलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. माझं काय जात होतं आता? तुम्हाला खरं बोलायचंच होतं, तर मला खोटं का बोलू दिलंत?"

"मला तेव्हा हिंमत झाली नाही. चुकलं माझं. मामा, मी तुमची माफी मागते. आजच्याबद्दल, आणि त्या रविवारबद्दल, आणि..." तिने त्यांच्या मुठीकडे पाहिलं.

"माफीचं राहू द्या." मामा रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. "मला सांगा. आम्ही शेडमध्ये जेवायला बसायचो. पन्नास-साठ माणसं. खाली काय आहे ते तिथं बसणाऱ्यांत फक्त आम्हा तिघांना माहीत. तुम्ही म्हणाला होता, वर सिमेंट आहे, काही होत नाही. मी विश्वास ठेवला आणि कुणाला बोललो नाही. पण रोज डबा उघडला की मला आठवायचं. एकवीस वर्षं, रोज. कुणी हातपंपावर गेला की आठवायचं. वाटायचं, मी एकटा नाही, समोर ऑफिसात बेबीताई पण खिडकीत बसल्यात, त्यांच्या पण मनात हेच असेल." ते थोडे पुढे वाकले. "होतं का तुमच्या मनात?"

दादांनी तोंड फिरवलं. वहिनींचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला.

बेबीला हो म्हणता आलं असतं. ऐकायला चांगलं वाटलं असतं, आणि सहज आलंही असतं.

"पहिला उन्हाळा," ती म्हणाली. "त्यानंतर नाही. त्यानंतर मला ती शेडच वाटायची."